सॉल्व्हर अपडेट: स्केप्टिकल प्रेफर्ड आणि विषम चक्रं

मंडळी, या वेळी सगळा वेळ स्केप्टिकल प्रेफर्डलाच दिला, म्हणजे डंगच्या १९९५च्या फ्रेमवर्कमधला (आर्ग्युमेंट्स हे ग्राफचे बिंदू, कोण कोणावर अटॅक करतं ते बाण) "हे आर्ग्युमेंट प्रत्येक प्रेफर्ड एक्स्टेन्शनमधे आहे का" हा प्रश्न. अ‍ॅडमिसिबल म्हणजे आपसात अटॅक नसलेला आणि बाहेरून येणारा प्रत्येक अटॅक परतवणारा सेट, आणि असा सेट आणखी वाढवता येत नसेल तर तो प्रेफर्ड.

ग्राउंडेड (ज्याबद्दल वादच उरत नाही तेवढंच घेणारा सेट) आधीच झालंय, ते सरळच आहे, ज्याच्यावर कोणी अटॅक करत नाही ते आत घ्यायचं, ते ज्यांना मारतं ते काढून टाकायचे, परत तेच, पॉलिनॉमियल वेळात संपतं. क्रेड्युलस (निदान एका प्रेफर्डमधे आहे का) एनपी-कम्प्लीट, म्हणजे अवघड, असलं तरी एका सॅट कॉलमधे (दिलेल्या तार्किक अटी एकत्र पूर्ण होतात का हे सॅट सॉल्व्हरला एकदा विचारणं) निघतं, कारण अ‍ॅडमिसिबल सेट सापडला की तो वाढवत नेऊन प्रेफर्डपर्यंत पोचता येतंच.

स्केप्टिकलची गोष्टच वेगळी. डन आणि बेंच-केपननी २००२ मधे दाखवलं की हा प्रश्न पाय-टू-पी-कम्प्लीट, म्हणजे एनपीच्याही वरच्या पायरीवरचा, आहे, आणि कोड लिहिताना ते अक्षरशः दिसतं! आधी 'अ' (ज्याबद्दल विचारतोय ते आर्ग्युमेंट) नसलेला अ‍ॅडमिसिबल सेट शोधा, 'अ' न घेता जमेल तितका वाढवा, मग 'अ' घेऊन तो अजून वाढतो का ते विचारा. वाढत नसेल तर उत्तर 'नाही', तिथेच थांबायचं. वाढत असेल तर "या सेटबाहेरचं काहीतरी आत हवंच" असा क्लॉज (सॅटसाठी एक अट) टाका आणि परत सुरुवात. सॅटच्या आत सॅट, आणि हा लूप किती फिरेल याचा काही नेम नाही.

आता यात जी भर घातली ती मला फार आवडलीय. ग्राफमधे विषम लांबीचं चक्र नसेल तर प्रेफर्ड आणि स्टेबल (आपसात अटॅक नसलेला, पण बाहेरच्या प्रत्येकावर अटॅक करणारा सेट) एकच होतात, मग प्रश्न को-एनपीत, म्हणजे एक पायरी खाली, उतरतो, म्हणजे स्टेबलच्या क्लॉजमधे 'अ' नाही असं घालून एकच सॅट कॉल, अनसॅट आलं की उत्तर 'हो'. आणि तपासणी किती स्वस्त बघा, प्रत्येक स्ट्राँगली कनेक्टेड कंपोनंट (बाणांवरून कुठूनही कुठेही जाता येतं असा तुकडा) दोन रंगांत, शेजारी वेगवेगळे ठेवून, रंगतो का एवढंच बघायचं, लिनियर वेळ. स्वतःवरच अटॅक करणारं आर्ग्युमेंट म्हणजेही लांबी एकचं विषम चक्र, ते विसरू नका. ग्राउंडेडने ग्राफ छाटल्यावर ही तपासणी करा, कारण बरीच चक्रं तिथेच तुटतात.

पुढे प्रेफर्ड कंपोनंटनुसार सोडवून बघणारे, म्हणजे महागडा लूप फक्त विषम चक्रं असलेल्या तुकड्यांवरच चालेल. तसे ग्राफ कोणाकडे असतील तर नक्की द्या.