बेसवाल्यांचा महिना

जॅझ ऐकणारी चार माणसं जमली की तासाभरात ‘तुझा सगळ्यात आवडता अल्बम कुठला’ यावर गाडी येतेच. आमच्यात एक ट्रम्पेटवाला आहे. वाजवत नाही, पण माइल्स डेव्हिसबद्दल कोणी वाकडा शब्द काढला तर हातातला घास खाली ठेवतो. एक कोल्ट्रेनभक्त आहे, म्हणजे सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनचा. एकाला पियानोपलीकडे जग नाही. आणि मी. माझ्याकडच्या सीड्या मी बेस (म्हणजे डबल बेस, माणसाएवढं उभं, खर्जातलं तंतुवाद्य) कोण वाजवतंय त्यावरून लावल्यात. पॉल चेंबर्सचा एक कप्पा, रॉन कार्टरचा एक, डेव्ह हॉलंडचा एक. त्यामुळे माइल्सच्या सीड्या तीन ठिकाणी विखुरल्यात आणि ट्रम्पेटवाला आला की शोधाशोध करत मला शिव्या घालतो.

ही खोड धंद्याची आहे. मी ठाण्यात साउंडचं काम करतो. ऑर्केस्ट्रा, भावगीतांचे कार्यक्रम, गणपतीतले मंडप, पडेल ते. लोक गायकाकडे बघत असतात तेव्हा मिक्सरमागे माझं लक्ष खालच्या आवाजाकडे असतं. बेस जरा जास्त झाला की हॉल घुमायला लागतो आणि गायकाचे शब्द गिळले जातात. कमी पडला की वरचं सगळं पत्र्यासारखं वाजतं. नीट बसला तर कोणाच्या लक्षातसुद्धा येत नाही, आणि तेच हवं असतं. इतकी वर्षं हे केल्यावर घरी काहीही लावलं तरी कान आधी खालीच जातो.

तर परवा पुन्हा तोच विषय निघाला. मी म्हटलं, मला अल्बम विचारू नका, महिना विचारा. २२ एप्रिल ते २२ मे, १९५९.

माइल्सच्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासून सुरुवात करावी लागते, इलाज नाही. त्याचं रेकॉर्डिंग दोन दिवसांत झालं, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. जागा न्यूयॉर्कमधला कोलंबिया रेकॉर्ड कंपनीचा थर्टिएथ स्ट्रीटवरचा स्टुडिओ, म्हणजे मुळातलं एक चर्च. छत एवढं उंच की आवाजाला पसरायला हवी तेवढी जागा. त्या रेकॉर्डिंगमधली हवा कानाला जाणवते ती त्या वास्तूची, नुसत्या माइकची नाही. आता २२ एप्रिलची गंमत बघा. या अल्बमवर बेस पॉल चेंबर्सचा, आणि त्याचा जन्म २२ एप्रिल १९३५चा. म्हणजे ‘ऑल ब्लूज’ आणि ‘फ्लेमेंको स्केचेस’ वाजवायला तो स्टुडिओत आला तो स्वतःच्या चोविसाव्या वाढदिवशी. आणि दुसरा मोठा बेसवाला चार्ल्स मिंगस, त्याचाही वाढदिवस तोच, २२ एप्रिल, साल १९२२. योगायोगच, पण माझ्यासारख्याला असल्या योगायोगांचा भलताच आनंद होतो.

‘ऑल ब्लूज’ लावा आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो सगळं विसरून फक्त चेंबर्स ऐका. सहाच्या चालीत एक छोटी फिरकी आहे, तीच तो पुन्हा पुन्हा वाजवतो. वर माइल्स येतो, आल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल ॲडर्ली येतो, कोल्ट्रेन येतो, पियानोवर बिल एव्हन्स येतो, हा आपला खाली तेच करतोय. अकरा-साडेअकरा मिनिटं! आमच्याकडे एखाद्या बेसगिटारवाल्याला एवढा वेळ एकच ओळ वाजवायला सांगितली तर तिसऱ्या मिनिटाला त्याचे हात शिवशिवायला लागतात, मधेच काहीतरी करामत करतो आणि सगळा तोल जातो. चेंबर्सचा जात नाही.

ट्रम्पेटवाल्याने लगेच पकडलं. म्हणे, ‘अरे, पण बेसचं खरं गाणं तर “सो व्हॉट”, आणि ते मार्चमधलं. तुझ्या महिन्यात बसत नाही.’ बरोबर आहे. ‘सो व्हॉट’मध्ये मुखडाच बेस घेतो आणि बाकीचे त्याला दोन सुरांत हुंकार देतात. गायकाने मागे उभं राहून साथीदाराला पुढे करावं तसला प्रकार. पण महिना माझा आहे, मी ते उधारीवर आत घेतलं.

त्याच गाण्याचा एक किस्सा सांगायलाच हवा. पियानोवाल्याच्या घरी ‘काइंड ऑफ ब्लू’ची जुनी एलपी आहे. एकदा ती लावून तो कीबोर्डवर सोबत वाजवायला बसला. ‘सो व्हॉट’चा हिशोब अगदी सोपा: पांढरी दोनमध्ये सोळा बार (इथे चार मात्रांचा एक बार), मग अर्धा स्वर वर सरकून काळी दोनमध्ये आठ बार, परत पांढरी दोनमध्ये आठ. स्वर आपल्या काफी थाटाचे. म्हणजे पेटीवर बसणाऱ्या कोणालाही जमावं. पण जुळेना. पांढरी दोन धरली की रेकॉर्ड किंचित चढी, काळी दोन धरली की उतरलेली. त्याने टर्नटेबलला दोष दिला, बेल्ट बदलायला हवा म्हणाला, मग माझ्याकडे बघायला लागला. मी हसत होतो, कारण दोष टर्नटेबलचा नव्हताच. २ मार्चच्या सेशनला मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर भरलेलं गाणं बरोबर वेगाच्या मशीनवर वाजवलं की सूर वर चढतो. त्यामुळे एलपीच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी, ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’, तीसेक वर्षं जगाने चढ्या सुरातच ऐकली. दुसऱ्या बाजूला, म्हणजे एप्रिलच्या गाण्यांना, ही भानगड नाही. १९९२च्या आवृत्तीत दुसऱ्या मशीनवरच्या जादा टेपवरून ते दुरुस्त केलं. पियानोवाला अजून म्हणतो की त्याला चढं आवडतं, सवय झाली. मला विचाराल तर दुरुस्त केलेलं ऐका. चेंबर्सचा बेस जिथे असायला हवा तिथे येऊन बसतो.

आता पुढचा पंधरवडा. ‘फ्लेमेंको स्केचेस’मध्ये ठरलेली चाल नाहीच. पाच स्वरसमूह एकामागून एक, आणि प्रत्येकाने एकेकावर हवा तेवढा वेळ रेंगाळायचं. कोल्ट्रेन रेंगाळतो, चेंबर्स खाली धीर धरून उभा. ही २२ एप्रिल. दोन आठवड्यांनी, ४ आणि ५ मेला, हेच दोघे अटलांटिक कंपनीसाठी ‘जायंट स्टेप्स’ करतात. तिथे काय? सोळा बारांत सव्वीस कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ! एकावर पाय टेकेपर्यंत दुसरी आलेली. तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत पळापळ, तीही बेफाम लयीत. टॉमी फ्लॅनॅगनसारखा मातब्बर पियानोवादक आपल्या सोलोत अडखळतो, मग नुसत्या कॉर्ड ठेवत सुटतो. आमचा पियानोवाला तिथे दरवेळी डोळे मिटून घेतो, घरातल्या माणसाची फजिती बघवत नाही तसा. फ्लॅनॅगनने पुढे १९८२मध्ये तेच गाणं स्वतःच्या ट्रिओबरोबर वाजवून उट्टं काढलं, ते वेगळं.

मला कौतुक चेंबर्सचं. एप्रिलमध्ये एकाच स्वरसमूहावर तळ ठोकणारा माणूस मे महिन्यात दर दोन मात्रांना जमीन बदलतोय, आणि दोन्हीकडे आवाज तोच, गोल, लाकडी, कुठेही न आक्रसलेला. कोल्ट्रेनलाही ते कळत असणार. त्याच अल्बमच्या शेवटच्या गाण्याचं नाव ‘मिस्टर पी. सी.’, म्हणजे पॉल चेंबर्सच. ‘नायमा’ही त्याच अल्बमवर आहे, पण ते २ डिसेंबरला केलेलं, त्यामुळे माझ्या महिन्याबाहेर. तरी ऐका. सगळा मुखडाभर चेंबर्स एकच सूर धरून ठेवतो, मधल्या भागात त्याच्या पंचमावर जातो, परत षड्जावर येतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. चेंबर्स १९६९च्या जानेवारीत गेला. वय ३३.

५ मेला न्यूयॉर्कमध्ये आणखी एक सेशन चालू होतं. त्याच थर्टिएथ स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये मिंगस ‘मिंगस आह अम’ करत होता (राहिलेली गाणी १२ मेला). म्हणजे एकाच शहरात, एकाच दिवशी, इकडे ‘जायंट स्टेप्स’ आणि तिकडे हे. मिंगसकडे मामला उलटा. इथे बेसवालाच मालक. कागद समोर ठेवण्यापेक्षा तो चाली गाऊन, वाजवून साथीदारांच्या गळी उतरवायचा, आणि ते ऐकताना कळतं. ‘बेटर गिट इट इन युअर सोल’ सुरू होतं त्याच्या एकट्याच्या बेसने, मग सगळे घुसतात. मागून ओरडतोय तो मिंगसच. पुढे बुकर अर्विनच्या सॅक्सोफोनखालून बाकी सगळं काढून घेतलंय आणि नुसत्या टाळ्या ठेवल्यात. स्टेजवर कोणी असं केलं तर माझ्या पोटात गोळा येईल, कारण टाळ्यांना माइक कुठला लावणार? पण काय उठतं ते!

त्याच अल्बमवर ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ आहे, त्या मार्चमध्ये गेलेल्या सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगसाठी. आणि ‘फेबल्स ऑफ फॉबस’. ऑर्व्हल फॉबस म्हणजे आर्कान्सॉचा गव्हर्नर. १९५७ साली नऊ काळ्या मुलांना लिटल रॉकच्या शाळेत शिरू द्यायचं नाही म्हणून त्याने नॅशनल गार्ड उभे केले होते. मिंगसने त्याची टर उडवणारे शब्द लिहिले. कोलंबियाच्या अल्बमवर ते नाहीत. पुढच्या वर्षी कॅन्डिड कंपनीसाठी त्याने ड्रमर डॅनी रिचमंडबरोबर सवाल-जवाब करत ते गायले. दोन्ही ऐकलीत तर कळेल की शब्द नसतानाही ती चाल किती तोंड वेंगाडत चालते. सगळी हेटाळणी वाद्यांच्या झुलण्यात आहे. मिंगस १९७९मध्ये मेक्सिकोत गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे बायकोने त्याच्या अस्थी इथे येऊन गंगेत सोडल्या. हे मी सांगितलं की आमच्यात दरवेळी कोणीतरी ‘काय सांगतोस’ म्हणतंच.

महिन्याचा शेवट लॉस एंजेलिसला. २२ मे, ऑर्नेट कोलमनचा ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’. पियानो नाही, गिटार नाही, म्हणजे कॉर्ड दाखवणारं कोणी नाही. ऑर्नेटच्या हातात प्लॅस्टिकचा आल्टो सॅक्सोफोन, डॉन चेरीचा कॉर्नेट (ट्रम्पेटचा धाकटा भाऊ), बिली हिगिन्सचे ड्रम्स आणि बेसवर एकवीस वर्षांचा चार्ली हेडन. हेडन आयोवातला. लहानपणापासून घरच्या कंट्री म्युझिकच्या रेडिओ कार्यक्रमात गायचा. पंधराव्या वर्षी पोलिओ झाला, घशावर परिणाम झाला, गाणं सुटलं आणि बेस हातात आला. मला तर तो बेसवर वाजवतो ते गाणंच वाटतं. सूर कमी, पण प्रत्येक सूर पुरता म्हटलेला.

‘लोनली वुमन’ घ्या. हिगिन्स झांजेवर भरभर पळतोय. हेडन दोन-दोन तारा एकदम छेडत संथ चालतोय. आणि वर ऑर्नेट आणि चेरी तिसऱ्याच वेगात, जवळजवळ लयीबाहेर, एकत्र रडतायत. कोल्ट्रेनभक्त म्हणतो, हे चौघे एकमेकांचं ऐकतच नाहीत. मी म्हणतो, हेडनचा आवाज बंद करून बघ, मग कळेल कोण कोणाला धरून होतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही आणि होणारही नाही.

पियानोवाल्याची तक्रार वेगळीच. या सगळ्यात स्कॉट लाफॅरो कुठे? बिल एव्हन्सच्या ट्रिओतला बेसवाला. २५ जून १९६१, रविवार, व्हिलेज व्हॅनगार्डचं तळघर, मागे पेल्यांची किणकिण आणि लोकांच्या गप्पा, आणि हा पंचवीस वर्षांचा पोरगा बेसवर असं वाजवतोय की पियानो आणि बेस यांत साथ कोण करतंय तेच कळू नये. ६ जुलैला मोटार अपघातात गेला. त्याची ‘ग्लोरियाज स्टेप’ मी किती ऐकली असेल. पण खरं सांगू? लाफॅरो ऐकताना मी बेस ऐकत नसतो. माझ्या हाताखाली त्याचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) असता तर पुढे काढू की मागे ठेवू यातच कार्यक्रम संपला असता. चेंबर्सचा एकदा लावला असता आणि चहा प्यायला गेलो असतो. हे मी तोंडावर सांगितलं तेव्हा पियानोवाला दहा मिनिटं बोलला नाही.

जाता जाता एक धंद्यातली गोष्ट. डबल बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो मूळ सूर येतच नाही. वरची सावली तेवढी ऐकू येते आणि बाकीचं मेंदू भरून काढतो. बरे हेडफोन किंवा घरातले जुने मोठे स्पीकर घ्या. फोन टेबलावर ठेवून ‘लोनली वुमन’ ऐकलं आणि काही विशेष वाटलं नाही, असं कृपा करून मला कळवू नका.