मंत्रचळ आणि एक गुण

बारा वर्षांपासून मला मंत्रचळ, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा ओसीडी हा आजार आहे. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात २०१३ पर्यंत तो चिंताविकारांत मोजला जाई, पुढे त्याला वेगळे प्रकरण मिळाले; माझ्या भीतीला त्याचा पत्ता नव्हता. हिशेबनीस असताना एकेक बिल दहादा तपासण्यात दिवस संपू लागला आणि अखेर नोकरी सोडावी लागली, तेव्हा डॉक्टरांनीच दिव्यांगत्व प्रमाणपत्राचे सुचवले.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, परंतु सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागते. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करून जुन्या केसपेपरांची थप्पी घेऊन मी रुग्णालयात गेले. तेथे ‘आयडियाज’ मोजपट्टी लावतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम, या चारही बाबींना जितकी अडचण जास्त तितके जास्त, असे शून्य ते चार गुण, शिवाय आजाराच्या कालावधीचे वेगळे. बेरीज आठ झाली तरच ४० टक्के गाठता येतात.

अंघोळ स्वतः करता का, असे विचारल्यावर मी ‘हो’ म्हणाले. परक्यासमोर नीटनेटके दिसायची सवय, दुसरे काय! त्या अंघोळीला दोन तास लागतात आणि दाराबाहेर हे घड्याळ बघत उभे असतात, हे सांगायचे राहिले. स्वतःची काळजी शून्य, संबंध एक, संवाद शून्य, काम दोन, कालावधीचे चार, एकूण सात.

त्याच कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील केले. दरम्यान ह्यांनी वही घातली: अंघोळीला किती वेळ, कोणते लग्न टाळले, किती वेळा अर्ध्या वाटेतून कुलूप बघायला परतलो. मोजपट्टी भीती किती हे विचारत नाही, भीतीपायी काय अडते ते विचारते, आणि ते मला सांगता येत नव्हते. फेरतपासणीत बहुतेक उत्तरे ह्यांनीच दिली. घरच्यांची साक्ष त्यात धरली जाते, हे आधी कळते तर बरे झाले असते. स्वतःची काळजी दोन, संबंध दोन, काम तीन, कालावधीसह अकरा.

प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत ह्यांना दिव्यांग आश्रितासाठीची ७५,००० रुपयांची वजावट मिळते, आणि सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणातून मी अर्ज भरते आहे. प्रमाणपत्र मात्र तात्पुरते, पाच वर्षांचे आहे, त्यामुळे ह्यांनी वही बंद केलेली नाही.