उर्फ

"हा किराणा का वाचतोय?"

काल रात्री आईने मागून विचारलं. स्क्रीनवर अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलन भिंतीकडे तोंड करून फळीवरच्या डब्यांची लेबलं मोठ्याने वाचत होता. बीन्स. पुन्हा बीन्स. मागे बंदूकवाला जेम्स कोबर्न.

१९७३चा सॅम पेकिनपाचा वेस्टर्न, 'पॅट गॅरेट अँड बिली द किड'. म्हटलं, "आई, याला २०१६ला साहित्याचं नोबेल मिळालं."

"डबे वाचून?"

हसलो, पण ते डबे डोक्यातून जाईनात. डिलनला अभिनय येत नाही, हे माझं स्पष्ट मत. स्वतः दिग्दर्शित केलेला १९७८चा 'रेनाल्डो अँड क्लारा' जवळपास चार तासांचा आहे. मी दोनदा झोपलो. उलट पेनेबेकरने त्याच्यावर केलेल्या 'डोन्ट लुक बॅक' या माहितीपटात, जिथे तो नुसता 'स्वतः' आहे, तिथे नजर हटत नाही. अर्थात तिथेही तो सोंगच घेत असावा.

वेस्टर्नमधल्या पात्राचं नावच एलियस. म्हणजे चक्क 'उर्फ'! रॉबर्ट झिमरमन उर्फ बॉब डिलनला याहून चपखल भूमिका कोण देणार?

मग नदीकाठचा प्रसंग आला. पोटात गोळी लागलेला म्हातारा शेरीफ पाण्याकडे चालत जातो, बायको लांबून बघत रडते, आणि 'नॉकिंग ऑन हेवन्स डोअर' सुरू होतं. या चित्रपटासाठीच लिहिलेलं. पडद्यावर डिलन कुठेच नाही, फक्त आवाज.

आई उभीच होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "हा तोच का, डबेवाला?"