पोटॅशियम ६.४

भाचा सिकलसेलचा (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार), एसएस पॅटर्न, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला. मे महिन्यात धडगावहून ताईचा फोन आला: ताप, उलट्या, मांड्या ठणकतायत. म्हसावदमार्गे शहाद्याला आणला, सलाईन लागलं, रक्त तपासायला लिहून दिलं. इथवर काही अडलं नाही.

अडलं रक्त तपासणीच्या सेंटरवर. सकाळी ११ ला नळी भरली. दंडाला पट्टा करकचून, वर ‘मूठ आवळ, अजून आवळ’ (यानेही नळीतलं पोटॅशियम चढतं). नमुने न्यायची गाडी मात्र चारनंतर. तोवर नळी खिडकीपाशी स्टँडमध्ये, लाईट गेलेली. मीच म्हटलं, ‘दादा, फ्रीजमध्ये तरी ठेवा.’ (तेही चूकच. गारठ्यानेसुद्धा पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, हे नंतर कळलं.) रात्री मोबाइलवर रिपोर्ट: पोटॅशियम ६.४. नॉर्मल ३.५ ते ५. खाली बारीक अक्षरात ‘नमुना हिमोलाइज्ड’, म्हणजे नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटलेल्या.

पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला. पट्टी ठीक निघाली, तरी म्हणाले, रक्त पुन्हा पाहिजेच, आणि तोवर केळं बंद, त्यात पोटॅशियम असतं.

सकाळी सातला सेंटरवर हजर. काउंटरवरचा म्हणे नवीन चिठ्ठी आणा, पैसे परत भरा. वर, ‘सिकलच्या पोरांचं असंच येतं हो.’ हे वाक्य अजून डोक्यात जातं. सिकलमध्ये किडनीला पोटॅशियम नीट बाहेर टाकता येत नाही असं होऊ शकतं, म्हणजे आकडा खराही असेल. नळीत तांबड्या पेशी फुटल्या तरी तो तसाच चढतो. कुठलं खरं, ते ताजं रक्तच सांगणार, आणि आम्ही पैसे कोणी भरायचे यावर दीड तास भांडत बसलो. शेवटी मीच भरले. पण पट्टा सैल बांधायला लावला, मूठ उघडी ठेवली, आणि नळी खिशात घालून स्वतः मोटारसायकलवर लॅबला पोचवली. वीस मिनिटांत. पोटॅशियम ४.४!

रिपोर्ट वाचून होईपर्यंत भाच्याने केळं सोललंसुद्धा होतं.

सोडियम तेवढं १३२, थोडं कमी निघालं, उलट्यांमुळे. ते सलाईनवर सुधारलं.

हो, आणि चिठ्ठीवर रक्त काढल्याची वेळ लिहून घ्या. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलवरून परस्पर आणू नका, त्यातल्या काहींनी किडनी बिघडते, पोटॅशियमही चढतं. लघवी पांढरी होतेय म्हणजे पाणी पुरतंय, असं ताई समजत होती. सिकलच्या किडनीला लघवी नीट घट्ट करता येत नाही, अंगात पाणी कमी असलं तरी ती पांढरी होऊ शकते.