वस्तीच्या गाडीतली शिरगणती

दापोलीहून येणारी एसटी दाभोळला सोडते. पुढे वाशिष्ठीची खाडी. फेरीबोटीत गाड्या आधी चढतात, मग माणसं. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे धोपावे. हीच बोट नसती तर खेड-चिपळूणचा वळसा घालण्यात अर्धा दिवस गेला असता. बोटीतून अंजनवेलचा वीजप्रकल्प दिसतो. नाव जन्मभर दाभोळचं, जागा मात्र गुहागर तालुक्यातली!

मला जायचं होतं मित्राच्या गावी, गुहागरच्या आतल्या बाजूला. या तालुक्यात रेल्वे नाही. १९९८ पासून कोकण रेल्वे धावते, पण इथल्या माणसाचं स्टेशन चिपळूण, गुहागरहून सुमारे ४५ किलोमीटरवर. त्यामुळे गावाची नाळ एकाच गोष्टीला बांधलेली : वस्तीची गाडी. संध्याकाळी येते, रात्री देवळापाशी मुक्काम करते, उजाडायच्या आत निघते.

गुहागर स्थानकातून निघाली तेव्हा गाडी गच्च होती. पहिल्या दोन फाट्यांवर निम्मी रिकामी झाली. अर्ध्या तिकिटाच्या बायका, पिशवीतून डोकावणारी सुकी मासळी, एकाच्या पायाशी गॅसची टाकी. शेवटच्या थांब्यावर उतरलो आम्ही पाच जण. त्यातला मी पाहुणा. कंडक्टरने खाली वाकून आधी माझ्याकडेच पाहिलं. "कुणाकडे?" नाव सांगितलं, तर म्हणाला, "पाखाडीने वर जा. खालची तीन घरं बंद आहेत, चौथ्यात दिवा असेल."

दिवा होता. सकाळी वाडीतून फिरलो तेव्हा बाकीचं दिसलं. चिऱ्याची घरं, ताजा रंग, पडवीत उलटी ठेवलेली खुर्ची आणि दाराला कुलूप. चाकरमानी मुंबईत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लोकसंख्येचा तक्ता आहे, २०११ च्या जनगणनेचा. त्यातही पुरुषांपेक्षा बायका जास्त. रत्नागिरी जिल्ह्याचंच हे चित्र आहे : २००१ साली १६,९६,७७७ माणसं, २०११ साली १६,१५,०६९. देशाची संख्या वाढत असताना इथे एक्क्याऐंशी हजारांहून जास्त घट. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. बाहेरच्याला हे आकडे कौतुकाचे वाटतील. मला त्यात सकाळच्या मुंबईच्या गाड्या दिसल्या.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, आता १ मार्च २०२७ ची तारीख ठरली आहे. शेजारच्या आजींना हे सांगितलं तर त्या हसल्या. "मार्चाच्या पयल्याला कोन असतंय? शिमग्याला मोजा म्हनावं, न्हायतर गनपतीला. रांगोळी काढायला अंगन पुरत न्हाय." जो जिथे राहतो तिथेच त्याला मोजतात, म्हणून शिमग्याला मोजूनही तक्ता फुगणार नाही, हे मी समजावून पाहिलं. त्यांना पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही धड पटत नाही. घरपट्टी इथे, देव इथे, मानपान इथे, आणि माणूस मोजायचा नालासोपाऱ्यात?

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी सुरू झाली, पण कंडक्टर घंटी मारेना. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. "वरच्या वाडीतल्या आजी यायच्यात," कंडक्टर म्हणाला. काळोखात टॉर्चचा उजेड डुगडुगत उतरला. त्या कालच्याच आजी! पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यामुळे २०२२ पासून त्यांना तिकीट नाही. पण त्या चढल्याच नाहीत. खिडकीतून एक गच्च बांधलेली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. आमसुलं आणि कुळथाचं पीठ.

"मुंबईलाच चाललास ना? लेक नालासोपाऱ्याला हाय. ठेसनावर यील घ्यायला."

"कुठल्या बाजूला, आजी?"

"त्याला म्हायती हाय," त्या म्हणाल्या, आणि कंडक्टरने घंटी मारली.