तीन टक्के की अर्धी फी?

पन्हाळा तालुक्यातले एक शेतकरी मुलाच्या शैक्षणिक कर्जासाठी त्याला घेऊन आमच्या बँकेच्या कोल्हापूर शाखेत आले. पिशवीतून पहिला निघाला तो सातबारा. "मॅडम, एवढं रान हाय. घ्या तारण."

"मामा, ते आत ठेवा. लागत नाही."

मुलाचा प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, गुणवत्तेवर होता, आणि पुण्यातली ती संस्था पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत होती. केंद्रीय मंत्रिमंडळाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी मंजूर केलेल्या या योजनेत तारणही नाही, जामीनदारही नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला, ते थकलं तर, येणे रकमेच्या 75 टक्क्यांची हमी केंद्र सरकारची. प्रवेश मॅनेजमेंट कोट्यातला असता, तर मात्र संस्था यादीत असूनही या योजनेतून कर्ज झालं नसतं.

फाइल अडली व्याजसवलतीवर. तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना, कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर शिक्षणकाळाचं आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं पूर्ण व्याज सरकार भरतं. त्यापुढे आठ लाखांपर्यंत तीन टक्के. यांचा तहसीलदारांचा दाखला 5 लाख 20 हजारांचा. म्हणजे तीन टक्के. पण दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ घेणाऱ्याला ही सवलत नाही, आणि पोराने महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज आधीच भरलेला. त्यात निम्मी शिक्षण फी मिळते. "तो अर्ज रद्द करून टाक," असं त्याला नेटकॅफेत सांगितलं होतं. असले सल्ले फुकट मिळतात आणि महागात पडतात.

कागद घेतला. फी 90 हजार, वसतिगृह-मेस 60 हजार. वर्षाला दीड लाख, चार वर्षांचे सहा लाख. हिशेबापुरता दर 9 टक्के धरला. हप्ता दर वर्षाच्या सुरुवातीला उचलायचा, परतफेड शिक्षण संपल्यावर एका वर्षाने, तोवर सरळ व्याज. पहिल्या हप्त्याला पाच वर्षांचं व्याज, मग चार, तीन, दोन. एकूण 1 लाख 89 हजार. तीन टक्क्यांची सवलत त्यातले 63 हजार वाचवते. परतफेड सुरू होताना डोक्यावर 7 लाख 26 हजार.

शिष्यवृत्ती ठेवली तर वर्षाला 45 हजार कमी उचलायचे. कर्ज 4 लाख 20 हजार, व्याज 1 लाख 32 हजार 300, एकूण 5 लाख 52 हजार 300. पावणेदोन लाखांचा फरक! पूर्ण व्याजमाफी मिळाली असती, तरी सहा लाख मुद्दल अंगावर राहिलंच असतं.

व्याजसवलत सोडली तरी विनातारण कर्ज मिळतंच, ते वेगळं. मंजुरी मात्र पूर्ण सहा लाखांची घ्यायला सांगितली, कारण शिष्यवृत्तीचे पैसे रखडतात आणि संस्था फीसाठी तोवर थांबेलच असं नाही. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं.

मेसचा खर्च त्यांनी वहीच्या पानावर लिहून आणला होता. तो संस्थेच्या शिक्क्याच्या पत्रावर आणायला सांगून फाइल बाजूला ठेवली.