बारा पेट्या, नऊ वसाहती

मधमाशीपालनाच्या अनुदानाच्या अर्जात दोन रकाने होते: हिवाळ्याआधीच्या वसाहती आणि हिवाळ्यानंतरच्या वसाहती. काश्मीरसाठी ठीक आहे. ठाण्यात हिवाळा म्हणजे पहाटे पंखा बंद करायचा, बास. उलट पावसाळा सरला की फुलोरा सुरू होतो आणि आमच्या सातेरी, म्हणजे पेटीत पाळायच्या देशी मधमाश्या, जोमात येतात. त्यांचे हाल होतात जून ते सप्टेंबर. पावसात बाहेर पडता येत नाही, परागकण धुऊन जातात, आणि अन्न संपत आलं की सातेरी सरळ पेटी सोडून निघून जाते.

येऊरच्या वाडीत आमच्या बारा पेट्या. पावसाळ्यात दुबळ्या वसाहती मी शेजारच्या ताकदवान वसाहतीत मिसळते. एक राणी काढायची, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा. तो कुरतडून होईपर्यंत दोघींचा वास एक होतो, मारामारी होत नाही. बाराच्या नऊ झाल्या. माश्या तेवढ्याच.

इथे गाडी अडली. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तीन मेल्या असं लिहा." मी म्हटलं, मेल्या नाहीत, एकत्र केल्या. "मग बारा लिहा." तीन पेट्या रिकाम्या आहेत, बारा कशा लिहू? "अहो, माश्या कोण मोजतंय? पेट्या किती ते सांगा!" तिकडे तपासणीचा माणूस येणार तोही भर पावसात, झाकणं मोजून जाणार. मेल्या लिहिलं तर नुकसान दिसतं, बारा लिहिलं तर खोटं. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. प्रत्येक जण तोच प्रश्न नव्याने विचारी आणि माझा पारा नव्याने चढे.

शेवटी एका बाईंनी ऐकून घेतलं. त्यांनी सोबत वेगळं पत्र जोडायला सांगितलं, तेच चाललं. पत्रात पेटीचा क्रमांक, माश्यांनी भरलेल्या चौकटी (पेटीत ज्यांवर पोळं बांधतात त्या), अंडी आहेत की नाही, आणि कोणती कशात मिसळली. दोन्ही बाजूंनी झाकलेली चौकट पूर्ण, एकाच बाजूने झाकलेली अर्धी. मोजणी भल्या सकाळी करा, माश्या कामावर निघण्याआधी. पोळ्याच्या घरांत अंडी दिसली तर राणी गेल्या तीन दिवसांत तिथे होती, कारण तिसऱ्या दिवसानंतर अंड्याची अळी होते. राणी शोधत बसू नका. पेटीवर रंगाने मोठा क्रमांक टाका आणि फोटोत तो येऊ द्या. आमची पोच त्या फोटोंवरच मिळाली.

पावसाळ्यात माश्यांना अन्न म्हणून द्यायचा पाक सम प्रमाणात, साखर आणि पाणी, आणि द्यायचा संध्याकाळी. दिवसा दिला तर शेजारच्या माश्या लुटायला येतात. रिकाम्या चौकटी पेटीत ठेवू नका, पोळं खाणारा मेणकिडा तिथेच जाळं विणतो. पेटी पुढच्या बाजूला किंचित कललेली हवी, आत पाणी साचत नाही. आणि स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंग्या आधी पाक संपवतात, मग अळ्या.